रिकाम्या गाड्या मोजणारे संगाप्पा

माझी सून नांदेडच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशीचं व्याख्यान ती आदल्या संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून स्वतःशीच म्हणून बघते, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून फुकटात ऐकतो. परवा ती म्हणत होती, सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढला, की देशाची आयातही निर्यातीपेक्षा वाढायला लागते. या दोन तुटी पुष्कळदा जोडीनं येतात. मी तिथूनच म्हणालो, "हे मला लातूरच्या नाक्यावर एका माणसानं शिकवलंय, तेही चिंचोक्यांवर." तिला वाटलं, म्हाताऱ्यानं पुन्हा काहीतरी काढलं. पण मग गॅस बारीक करून ती येऊन बसली. बोलताना सगळं पुढंमागं झालं, म्हणून आता नीट लिहून काढतो आहे. संगाप्पांबद्दल मी आजवर एक ओळ लिहिली नाही, याची मला लाज वाटते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमच्या मुलखाला स्वतःचं नाणं होतं, हाली रुपया. पलीकडच्या इंग्रजी मुलखात चाले तो कलदार. कलदार भारी, हाली हलका. बदलून घेताना जे जास्तीचे मोजावे लागत त्याला बट्टा म्हणत. मुलखात येणाऱ्या आणि मुलखाबाहेर जाणाऱ्या मालावर जकात होती, आणि ती वसूल करणारं खातं म्हणजे करोडगिरी. एकविसाव्या वर्षी मला त्या खात्यात कारकुनी लागली आणि नांदेडहून उचलून थेट लातूरला टाकलं. पेठेच्या पश्चिमेला, बार्शीच्या वाटेवर आमचा नाका होता. दोन खोल्या, एक आडवा बांबू, एक कडुलिंबाचं झाड. आणि नाकेदार संगाप्पा.

पन्नाशी ओलांडलेले, उदगीरकडचे लिंगायत. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, खिशात अडकित्ता. दर दोन वाक्यांनी "हौदल्ला?" विचारायचे, कानडीत त्याचा अर्थ 'होय की नाही'. समोरच्यानं मान हलवल्याशिवाय पुढचं वाक्य निघत नसे. सगळे त्यांना अप्पा म्हणत, वयानं मोठे गाडीवानसुद्धा. राग आला की माणसं आवाज चढवतात. अप्पा सुपारी कातरायला घेत, आणि राग जितका मोठा तितकी कातर बारीक. पहिल्या महिन्यात माझ्या पावत्यांमधल्या चुकांपायी त्यांची किती सुपारी संपली असेल, देव जाणे.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. वाटलं, खुर्ची मिळेल, दौत मिळेल, हाताखाली शिपाई मिळेल. अप्पांनी मला लिंबाखाली बसवलं. म्हणाले, आज लिहायचं काही नाही, नुसत्या गाड्या बघ. दिवसभर धूळ खाल्ली. संध्याकाळी त्यांनी विचारलं, बाहेर गेलेल्या गाड्यांत रिकाम्या किती होत्या? मी म्हणालो, रिकाम्या कशाला मोजायच्या, त्यांच्यावर जकात थोडीच आहे?

अप्पा आत गेले आणि एक गाडगं घेऊन आले. त्यात चिंचोके होते. मुलखाबाहेर जाणाऱ्या दर रिकाम्या गाडीमागं ते गाडग्यात एक चिंचोका टाकत. दिवस संपला की मोजत, आणि जुने सरकारी लिफाफे उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर आकडा, तारीख आणि गाडीवानांची नावं लिहून ठेवत. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी नोंदवहीत फक्त भरल्या गाड्यांना जागा होती.

"वहीत आला तेवढाच व्यापार व्हय?" ते म्हणाले. "गाडी रिकामी जाऊन राहिली, म्हणजे आपल्याकडं इकायला काय न्हाई. आन तीच भरून येणार, म्हणजे घ्यायला लई हाय. हौदल्ला?"

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं, पण पोटात कावळे ओरडत होते.

गाडीवानांना हा मोठा करमणुकीचा विषय होता. अप्पा रिकामी गाडीही थांबवत आणि काय नेतोस म्हणून विचारत. गाडीवान म्हणत, वारं नेतोय अप्पा, किती जकात बसंल? अप्पा गंभीर चेहऱ्यानं सांगत की वाऱ्याला सध्या माफी आहे, पुढं हुकूम आला तर कळवू. मग त्या गाडीवानाच्या बैलाची चौकशी, त्याच्या बायकोच्या बाळंतपणाची चौकशी, आणि गाडग्यात एक चिंचोका. तालुक्यातल्या निम्म्या बैलांची नावं त्यांना तोंडपाठ होती. माझं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत 'नांदेडकर'.

मला तिथं जाऊन वर्ष होतंय न होतंय, तोच सरकारनं आमच्या भागात कामांचा धडाका लावला. रस्ता काढला, पूल काढले, कचेरीची नवी इमारत काढली. वसूल होता तेवढाच होता. म्हणून सरकारनं कर्जरोखे काढले आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांनी ते घेतले, काहींनी खुशीनं, काहींनी साहेबाच्या तोंडाकडं बघून. मजुरांच्या हातात रोकड आली. सोलापूरच्या कापडाची दुकानं गजबजली, रॉकेलचे डबे आले, लोखंड आलं. नाक्यावर येणाऱ्या मालाची जकात इतकी वाढली की वरच्या कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं. मी ते छाती फुगवून मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर बघतो तर अप्पांची सुपारी भुगा झालेली.

मी विचारलं, काय चुकलं? मग त्यांनी चहा मागवला, बशीत ओतला आणि मला समोर बसवलं.

"घरच्या कर्त्यानं कमाईपेक्षा खर्च जास्त काढला, तर काय होतं? घर खूश. पण घरचं दूधतूप घरातच संपतं, बाजारला जात न्हाई. वर आन शेजाऱ्याकडून आणावं लागतं. हौदल्ला?"

मुलखाचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं. एरवी बार्शीला जाणारी करडई आता इथल्याच घाण्यावर जाते, कारण इथंच गिऱ्हाईक झालंय. बैलगाड्या पुलाच्या कामावर. बाहेर जायला माल उरत नाही, आणि बाहेरून आणायला हातात पैसा आहे. शिवाय पलीकडचा व्यापारी आपला हाली घेत नाही, त्याला कलदार लागतो. कलदाराला गिऱ्हाईक वाढलं, की बट्टा वाढणार. सरकारची थैली आणि मुलखाचा नाका एकाच भोकातून गळतात, आणि वरचे साहेब येणाऱ्या मालाची जकात बघून आपल्याला शाबासकी देतात.

मी तावातावानं म्हणालो, म्हणजे रस्ते बांधूच नयेत का? अप्पा शांतपणे म्हणाले, बांधावेत की. उद्या त्याच रस्त्यानं माल जास्त जाईल. पण आज गळतंय, ते गळतंय म्हणून लिहून तरी ठेवा. मला तेव्हा हा माणूस उगाच कुरकुऱ्या वाटला. वय एकविसाचं, त्यात शाबासकीचं पत्र ताजं.

त्याच दिवसांत मी सोलापूरहून आलेली नवी कोरी सायकल घेतली. पैसे मामांनी दिले होते. अप्पांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, घंटी वाजवून पाहिली आणि म्हणाले की मुलखाच्या गळतीला माझाही हातभार लागला म्हणायचा. मी दिवसभर फुगून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर हेच गृहस्थ धोतर खोचून माझ्या सायकलवर स्वार, आणि दोन शिपाई मागून धरताहेत. लिंबावर दोनदा आदळले. तिसऱ्यांदा शिपायांनीच हात जोडले.

अप्पा सर्वज्ञ होते असं समजू नका. एकदा असे तोंडावर आपटले, की विचारू नका, आणि तेही भर पेठेत. सरकारनं पुन्हा नवे कर्जरोखे काढले होते. अप्पांनी ओळखीच्या पाचसात दुकानदारांना सांगून टाकलं, की संक्रांतीपर्यंत रिकाम्या गाड्या वाढणार आणि बट्टाही चढणार. कलदार लागणार असतील तर आत्ताच घेऊन ठेवा. दुकानदारांनी घेऊन ठेवले. संक्रांत आली आणि गेली. रिकाम्या गाड्या होत्या तेवढ्याच, आणि बट्टा जागचा हलला नाही. पेठेत अप्पांची टिंगल सुरू झाली. चिंचोके भाजून खा म्हणाले, दात तरी मजबूत होतील.

दुसऱ्या कुणी आकड्यांना दोष दिला असता. अप्पा आठ दिवस संध्याकाळी मजुरांच्या वस्त्यांत फिरले, बायकांशी बोलले, आणि कारण घेऊन आले. साथीची हूल उठली होती, काम बंद पडेल म्हणून माणसं धास्तावली होती. सरकारनं हात सैल सोडला खरा, पण लोकांनी मूठ आवळली. मजुरीचे रुपये मडक्यात गेले, लुगड्यांवर गेलेच नाहीत. मग नाक्यावर ते दिसणार कसे? अप्पा दुकानादुकानांत गेले आणि दर ठिकाणी उभं राहून म्हणाले, मी चुकलो. सरकारची थैली बघितली, लोकांची मडकी बघायची राहिली. एका शेठजींनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मी त्यांच्यासोबत होतो, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा परत येताना मात्र मोकळे दिसत होते आणि वाटेत पेरू घेऊन खात होते.

त्याच्या पुढच्या हंगामात माझ्यावर ते प्रकरण आलं.

पीक बरं आलं होतं. साथीची भीती सरली होती, मडकी फुटली होती, कामं जोरात होती. बाहेरून येणाऱ्या मालाची जकात चढलेली आणि बाहेर जाणाऱ्या मालाची एकदम खाली आलेली. खात्याचे मोठे अधिकारी, ज्यांना आम्ही मुहतमीम साहेब म्हणत असू, दौऱ्यावर आले. त्यांनी वह्या बघितल्या आणि साधा हिशेब मांडला. पीक चांगलं, तर माल बाहेर गेलाच असणार. जकात आली नाही, तर माल पैसे खाऊन सोडलेला असणार. बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या वहीवर सही कुणाची? माझी. आणि दाराशी नवी सायकल कुणाची? तीही माझीच.

मामांनी पैसे दिले म्हणून सांगितलं. साहेबांनी नुसतं बघितलं. माझ्याकडून शिक्का काढून घेतला, आणि तिसऱ्या दिवशी चौकशी करून पोलिसांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. वडील नांदेडला शाळामास्तर. पोरगा लाच खाऊन तुरुंगात गेला हे ऐकून ते जगले नसते. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, ते मोडलं असतं. मी दोन दिवस लिंबाखाली बसून होतो, आणि अप्पा माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मागच्या खोलीत लिफाफ्यांचे गठ्ठे काढून बसायचे, नाहीतर कुठंतरी निघून जायचे. मनात म्हटलं, झालं, यांनीही हात झटकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब बसले. अप्पांनी लिफाफ्यांचं एक गाठोडं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. या हंगामात रोज किती गाड्या रिकाम्या बाहेर गेल्या, मागच्या तीन हंगामांत किती गेल्या, कुठल्या गाडीवानाच्या, सगळं तारीखवार. म्हणाले, माल चोरून गेला नाही. माल गेलाच नाही.

साहेबांनी एक लिफाफा उलटापालटा करून पाहिला. "ये किसके हुकूम से लिखे?"

कुणाच्याच नाही, अप्पा म्हणाले.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं दाराकडं बघून आवाज उतरवला आणि अप्पांना वाट दाखवली: नुसता रिकाम्या गाड्यांचा आकडा लिहून दे, मी बघतो. अप्पांनी मान हलवली नाही. म्हणाले, नुसत्या आकड्यानं हा पोरगा सुटत नाही. उद्या कुणी म्हणेल, गाड्या नाक्यावरून रिकाम्या गेल्या आणि माल यानंच आडवाटेनं काढून दिला. माल गेला नाही तर राहिला कुठं, तेही लिहावं लागेल.

"मग कुठं राहिला?"

"इथंच राहिला, सरकार. सरकारनं वसुलापेक्षा जास्त खर्च केला. तो पैसा लोकांच्या हातात आला, आन लोकांनी पिकलेलं इथंच खाल्लं. घाणे मोजून बघा, दुप्पट चालून राहिलेत."

सरकारी नोकरानं सरकारच्या खर्चावर बोट ठेवणं म्हणजे काय, हे आज सांगून समजायचं नाही. साहेबांनी विचारलं, हे लिहून देशील? अप्पा म्हणाले, हाव. आणि तिथंच खाली मांडी घालून, त्यांच्या त्या गोल गोल अक्षरांच्या उर्दूत, दोन बाजू भरून कैफियत लिहून दिली. सही केली. मग उठले आणि बाहेर येऊन हात धुतले.

साहेबांनी माणूस पाठवून घाणे मोजवले. गाडीवानांना बोलावून विचारलं. संध्याकाळच्या आत माझा शिक्का मला परत मिळाला. मी शिक्का हातात घेऊन हमसून हमसून रडलो, सगळ्या शिपायांसमोर. पंधरा दिवसांनी अप्पांसाठी हुकूम आला. परवानगीवाचून खासगी नोंदी ठेवल्या, आणि सरकारच्या खर्चाबद्दल नको ते लिहिलं. नाकेदारी काढून घेतली, साधा कारकून करून भोकरच्या बाजूला जंगलाकडच्या चौकीवर पाठवलं. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. तीही आता कारकुनाच्या पगारावर बसणार होती. लातुरात नुकतं घर बांधायला घेतलं होतं, ते जोत्यावरच राहिलं. निघायच्या दिवशी मी गाडीत सामान चढवलं, दोऱ्या आवळल्या, पण आभार मानायचे राहिले. ते माझ्या नजरेला नजर द्यायचंच टाळत होते. मला वाटलं, माझ्यापायी झालं म्हणून मनात राग असणार, आणि असणारच ना.

पुढं माझी बदली नांदेडला झाली. दोन वर्षांनी एका शिपायानं निरोप आणला, की संगाप्पा पेन्शनीत निघाले, उदगीरला गावी चाललेत, अमक्या दिवशी दुपारी मुदखेडला गाडी बदलणार. मी रजा टाकली. बायकोनं धोतरजोडी आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. वाटेत गाडीत बसून काय काय बोलायचं ते घोकत होतो: अप्पा, तुमच्यामुळं माझी नोकरी राहिली, बहिणीचं लग्न झालं, वडील सुखानं गेले.

मुदखेडच्या फलाटावर ते ट्रंकेवर बसलेले दिसले, शेजारी त्यांची बायको, आमच्या वहिनी. अप्पा वाळले होते. मला बघून उठले, आणि मी तोंड उघडायच्या आत माझा हात धरून बाजूला घेऊन गेले.

"नांदेडकर, एक सांगायचं राहून गेलंय. त्या दोन दिवसांत मी तुझी शंका घेतली होती."

मी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"लिफाफे काढले ते तुला सोडवायला न्हाई. तू खरंच खाल्लास का, ते बघायला. तुझ्या पाळीचे गाडीवान एकेक गाठून इचारले, घाणेवाल्यांकडं गेलो. आकडा तुझ्या बाजूनं निघाला, तवा सायबापुढं गेलो. पण दोन दिवस तुला चोर समजलो, बाबा. निघताना तुझ्याकडं बघवंना." आणि त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "माफ कर."

ज्या माणसानं माझ्यापायी नाकेदारी घालवली, घर घालवलं, निम्मी पेन्शन घालवली, तो फलाटावर चार माणसांत माझी माफी मागत होता. घोकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. मी ते हात धरून खाली केले आणि पाया पडलो. त्यांच्या जागी मी असतो तर मीही शंका घेतली असती. गाडीवानांच्या दारोदार मात्र फिरलो नसतो. मला उठवून त्यांनी गाठोड्यातली धोतरजोडी चाचपली आणि म्हणाले की पोत छान आहे, इतका खर्च कशाला केलास. तेवढ्यात गाडी आली, गडबड झाली, ट्रंक आत सारली, वहिनींना बसवलं.

गाडी हलली तेव्हा कुठं मला वाचा फुटली. मी खिडकीबरोबर पळत ओरडलो, "अप्पा, तुम्ही होता म्हणून मी आहे." इंजिनाची शिट्टी त्याच वेळी झाली. रुमाल बांधलेलं डोकं खिडकीबाहेर आलं. त्यांनी कानामागं हात धरला, काय म्हणालास म्हणून मान वर केली, आणि फलाट संपला.